टेपपुढचं खरं-खोटं

शिवणकाम करणाऱ्या मावशींचं ठाम मत होतं, की माणूस देवापुढे खरं बोलेल, डॉक्टरपुढे अर्धंमुर्धं बोलेल, पण शिंप्याच्या टेपपुढे हमखास खोटं बोलेल. कमरेला टेप लागली रे लागली, की भले भले श्वास रोखून पोट आत ओढतात, आणि वर म्हणतात, "जरा सैलच शिवा हं, घट्ट सोसत नाही मला!" काही बायका तर सरळ पुढच्या महिन्यातल्या बारीक कमरेचं माप देतात. मावशी वाद घालत नसत. "घरी सगळे बरे ना?" एवढंच विचारत. गिऱ्हाईक बोलायला लागे, पोट आपल्या जागी येई, तेवढ्यात खरा आकडा वहीत गेलेला असे. तीस वर्षांत एकही कपडा उसवायला परत आला नाही, हे त्या रोज कोणाला ना कोणाला ऐकवत.

त्यांची लेक वकील झाली. पाच वर्षं परगावी वसतिगृहात राहून परतली आणि सोमवारी पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार होती. तयार कोट आणते म्हणाली, तर मावशींना मिरच्याच झोंबल्या.

"मग मी काय इथे माशा मारत बसलेय?"

"बरं बाई, माप तरी घे."

"तुझं माप? तोंडपाठ आहे मला!"

शनिवारी दुपारी लेकीने कोट चढवला. चढवला म्हणजे काय, खांद्यातच अडकला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. काज-बटणं करणाऱ्या काकूंनी गुपचूप मान खाली घातली.

"कापड आटलंय," मावशी म्हणाल्या. मग इस्त्रीला दोष दिला. मग म्हणाल्या, "तू श्वास सोड बघू आधी!"

"सोडलाय गं आई."

आता मात्र मावशींचा चेहरा पडला. उसवून मोठा करावा, तर शिवणीत जादा कापड सोडलेलं नव्हतं. आपल्या पोरीला कशाला लागतंय, असं वाटलं होतं. मधे एक रविवार उरला होता.

लेक हळूच म्हणाली, "तयार आणते ना. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. उभी राहा सरळ."

खांदा मापायला त्यांना स्टुलावर चढावं लागलं. सोळा इंच. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मापला. सोळाच. वहीत लेकीच्या पानावर अठराव्या वर्षाचं चौदा लिहिलेलं होतं, आणि इतकी वर्षं त्या तेच धरून बसल्या होत्या. जगाचं खोटं पकडणाऱ्या बाईने स्वतःलाच फसवलं होतं. त्यांना हसू आलं, रडूही आलं, आणि ऊर असा भरून आला, की आकडा लिहिताना पेन्सिल मोडली.

नवं कापड आलं. रविवारी दिवसभर मशीन थांबलं नाही. सोमवारी लेक कोर्टात गेली, ती अगदी मापातल्या कोटात.

मंगळवारी गिऱ्हाइकांना दुकानात शिरताच समोर आखूड काळा कोट टांगलेला दिसला. काकू म्हणाल्या, "उसवून अस्तराला वापरू का?"

"हात लावशील तर याद राख," मावशी म्हणाल्या, "बघू दे लोकांना. एवढी मोठी चूक सगळ्यांच्या नशिबात नसते."