आडोलोक

आमच्या ख्रिस्ती वस्तीत मतांगीकार, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली, पुस्तकातून कुणीच शिकलं नव्हतं. बेंबळीकडच्या एका गावाबाहेर आमची चार घरं. म्हाताऱ्यांनी तो कानानं उचललेला आणि आम्ही पोरांनी म्हाताऱ्यांच्या तोंडून. त्यामुळं येशू मेला, त्याला पुरलं आणि तो अधोलोकात उतरला, हे आमच्याकडं 'आडोलोकात उतरला' असंच म्हटलं जाई. आड म्हणजे अरुंद, खोल विहीर. देव त्यात उतरला, यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. माझा बा विहिरीच खोदायचा. तोही रोज उतरायचा की!

महिन्यातून एकदा येणारे पाळकसाहेब कपाळावर हात मारायचे. "अहो, आड नव्हे, अधोलोक! मेलेल्यांची जागा!" सगळे माना डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा खणखणीत आडोलोक. बा तर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. माणसं खडी फोडायला जात होती. नव्या दूध सोसायटीच्या दारात कुत्री झोपलेली असायची, कारण दूध घालणार कोण आणि कुठलं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण गाव रोज दोर ओढून बघत होतं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब आले, ते ईस्टरपर्यंत वस्तीतच राहणार होते. ते पुनरुत्थानावर बोलले. बी मातीत मरतं, तेव्हाच उगवतं, असं त्यांनी लई रंगवून सांगितलं. बा मागून म्हणाला, "साहेब, औंदा पेरलेलं एक बी उगवलं न्हाय. दुसरं कायतरी सांगा." सगळे हसले, पाळकसाहेबही हसले. त्या आठवड्यात वस्तीत त्यानंतर कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

गावाच्या मधोमध जुना आड होता. आम्हाला तिथं पोहरा टाकायची मुभा नव्हती. घागर लांब ठेवायची आणि कुणाला दया आली तर पाणी मिळायचं. आडाच्या भिंतीतल्या बिळांत पारवे राहायचे. त्या आठवड्यात पारवे गेले. सांज झाली तरी एक परतला नाही. बानं लांबूनच पाहिलं आणि घरी येऊन म्हणाला, "पारवं गेलं. आत हवा बिघडलीय. गाळ काढायला त्यात माणूस उतरवू नका म्हणून सांगायला पायजे."

"तुम्हाला काय करायचंय?" माय म्हणाली. "तुमचा हात लागला तर त्यांचा आड बाटतो."

बा तरी गेला. चावडीवर त्याला ऐकवलं गेलं, गाळ काढल्याशिवाय झरा लागत नाही, आम्हाला शिकवू नको. घरी येऊन तो जेवलाही नाही.

उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूच्या मरणाचा दिवस, उजाडला. आमचा सगळ्यांचा उपास. पत्र्याच्या देवळात दुपारची उपासना चालू होती, पत्रा नुसता तापलेला. तेवढ्यात गावातला एक माणूस धापा टाकत दारात आला. "तात्या, चला! सालगडी गाळ काढायला उतरलाय आन् आता ओ देत न्हाय. दुसरा निम्म्यातनंच भोवळ येऊन परत आला."

बा उठला. माय त्याच्या आधी दारात. "न्हाय जायचं. तुम्ही सांगितलं तवा त्यांनी ऐकलं का? आज तर न्हायच जायचं!" मग पाळकसाहेबांकडं वळून ओरडली, "साहेब, तुम्ही तरी सांगा की ह्यांना!"

पाळकसाहेब गोंधळले. बानं त्यांनाच विचारलं, "साहेब, त्या आडोलोकात कोण होतं, म्हणून देव खाली उतरला?"

यावेळी त्यांनी शब्द सुधारला नाही. हळूच म्हणाले, "मेलेले होते."

"हा गडी अजून जिता असंल," बा म्हणाला. त्यानं मायला हातानं बाजूला केलं आणि निघाला. आम्ही सगळेच मागं धावलो.

आडात कंदील सोडला, तो मध्येच विझला. अशा वेळी वरून बादल्या ओततात, म्हणजे आतली हवा हलते. पण ओतायला पाणी असतं तर हा प्रसंगच कशाला आला असता? बानं लिंबाचा मोठा फाटा दोराला बांधून चार-पाचदा खालीवर केला, तोंडाला ओलं फडकं गुंडाळलं आणि उतरला. आज त्याला कुणी अडवलं नाही. बाटण्याचं कुणी नाव काढलं नाही.

दोराला हिसका बसला. "वढा!" असं खालून आलं. माणसांनी ओढलं, तर सालगडी वर आला, निळा पडलेला, पण छाती हलत होती. त्याची आई त्याच्यावर पडून रडू लागली. दोर पुन्हा खाली सोडला. हिसका आला नाही. "तात्या! तात्या!" म्हणून हाका मारल्या. माय कठड्याला धरून नुसती ऐकत होती. शेवटी गळ टाकून बाला वर काढलं.

शनिवारी माती झाली. सगळं गाव आलं होतं. आमच्या मातीला एवढी माणसं कधीच आली नव्हती, आणि मला त्या प्रत्येकाचा राग आला. देवाचाही आला. अजूनही कधी कधी येतो, खोटं कशाला बोलू? जाताना गावातला एक म्हातारा पाळकसाहेबांना म्हणाला, "तिसऱ्याला सावडायला येतो." त्यांच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात. आमच्यात सावडत नाहीत, हे सांगायचंही कुणाला भान नव्हतं. तिसरा दिवस म्हणजे रविवार, आमचा ईस्टर.

पहाटे गावकरी निवद घेऊन स्मशानात आले आणि आम्ही मेणबत्त्या घेऊन. सालगड्याला दोघांनी धरून आणलं होतं. माय कालपासून मातीपाशी बसलेली, कुणी उठवलं तरी उठेना. ईस्टरला पाळक म्हणतो, "प्रभू उठला आहे," आणि मंडळी म्हणते, "खरोखर उठला आहे." पाळकसाहेबांनी "प्रभू" म्हटलं, आणि पुढं त्यांचा आवाजच निघेना. ताज्या मातीकडं बघत ते नुसते उभे राहिले.

मायनं मान वर केली. "म्हणा, साहेब. तुम्ही न्हाय म्हणला तर मी घरी कशी जाऊ? कुणाच्या भरवशावर जाऊ?"

मग आम्हीच म्हटलं. त्यांची वाट न बघता, आधी माझ्या चुलतीनं, मग सगळ्यांनी: "खरोखर उठला आहे." कुणी रडत म्हटलं, मी तर दात खाऊन म्हटलं. गावकऱ्यांना काही कळलं नाही. त्यांनी हात जोडले.

माय उठली.