झाले आणि होते आहे

आमचं गाव तापीकाठी, हिंदी मुलखात. माझे बाबा तिथल्या लोधीपुऱ्यात दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कापड विणायचे. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले आणि आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायला शिकले. माय फोपनारच्या बागांमध्ये केळीचे घड वाहायला जायची. एकच खोली. तिथेच चूल, तिथेच माझा अभ्यास, आणि बाबांच्या कपड्यांवरून घरभर उडणारी रुई. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी पहिली मीच. बी.एस्सी. झाले आणि कुणाचा वशिला न लावता शाळेत विज्ञान शिकवायला लागले. हे मी अभिमानाने सांगते, सांगणारच.

आमच्या गल्लीत खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. मला खोकला लागला तेव्हा माय म्हणाली, "रुई गेली असंल वं छातीत. तुह्या बापालेबी तसंच होते." मलाही ते पटलं. संध्याकाळी अंग तापायचं, ते थकव्यावर ढकललं. मग एकदा वर्गात फळ्यासमोर खोकताना रुमालावर रक्त आलं.

सरकारी दवाखान्यात स्पुटम टेस्ट सांगितली. स्पुटम म्हणजे छातीतून खाकरून काढलेला बेडका. त्यात जंतू दिसतात का ते बघतात. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "टीबी है. ठीक हो जाती है. छह महीने गोली खानी है, बीच में छोड़नी नहीं."

मला पहिली शंका डॉक्टरांचीच आली. बाहेर रांगेत एवढी माणसं, माझी डबी दुसऱ्याच्या डबीशी बदलली नसेल कशावरून? मी खाजगीत एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कापसाच्या बोंडासारखा पांढरा डाग होता. तिथे बदलाबदलीला जागा नव्हती.

मग घरातल्यांची शंका यायला लागली. भाभीने माझा पेला वेगळा ठेवला. टीबी हवेतून पसरतो, पेल्यातून नाही, हे मी तिला समजावलं. ती "हो ताई" म्हणाली आणि पेला वेगळाच राहिला. खंडव्याचं एक स्थळ माझ्यासाठी आलं होतं. दादा त्यांच्याशी फोनवर बोलायला गल्लीच्या टोकाला जायचा. शाळेने सुट्टी दिली, ती काळजीने की भीतीने, कळलं नाही.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या. घेतल्या की मळमळ सुटायची. लघवी केशरी झाली तेव्हा रक्तच आहे असं वाटून मी थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, तो औषधाचा रंग आहे, उलट औषध पोटात गेल्याची खूण आहे. मी विचारलं, ही फुकटची औषधं खरी असतात कशावरून? ते चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, शक कीजिए. लेकिन गोली खाकर कीजिए."

आम्ही ख्रिस्ती. आजोबा नगरकडून इकडे आले. रविवारी तापी ओलांडून जैनाबादला जमतो, तिथे एका घरात आमची मंडळी, म्हणजे आमची उपासना, भरते. विश्वास ही ढाल आहे, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण या ढालीमागे उभं राहूनही आपलं डोकं कुजबुजत राहतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. देवाने हे का दिलं? तो ऐकतो तरी का? मी खोटी भक्ती केली नाही. रोज सकाळी गोळी तळहातावर घेऊन म्हणायचे, "प्रभू, आजही शंका आहे. तरी घेते." एवढीच प्रार्थना. त्यावर एकेक सकाळ निघाली.

दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासला. निगेटिव्ह. म्हणजे त्या नमुन्यात जंतू दिसले नाहीत. डॉक्टरांनी लगेच बजावलं की आत दडलेले असू शकतात. गोळी सोडली तर ते परत येतात आणि औषधालाही जुमानत नाहीत. याला रेझिस्टन्स म्हणतात.

मायने मात्र निगेटिव्ह एवढंच ऐकलं. तिने ते मंडळीत सांगितलं.

त्या दिवसांत बाहेरगावचे एक प्रार्थना करणारे बंधू आमच्या मंडळीत येत होते. आवाज गोड, डोळे मिटलेले. ते घरी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, प्रभूने काम पूर्ण केलं. रविवारी साक्ष द्या. आणि उरलेल्या गोळ्या मंडळीसमोर ठेवा. आता गोळी खाणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं."

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. आमच्यात साक्ष दिली की दिली. ती माघारी घेता येत नाही. "मी बरी झाले" असं एकदा बोलल्यावर दुसऱ्या दिवशी गोळी खाणारी बाई खोटी ठरते.

दादा खूश झाला. म्हणाला, "दे ना साक्ष. खंडव्यालाही कळेल." भाभीने त्या दिवशी सगळ्यांच्या कपांतलाच एक उचलून मला चहा दिला. माय रडत होती, आनंदाने.

आणि मला किती बरं वाटलं. मळमळ नको, मास्क नको, वेगळा पेला नको. त्या बरं वाटण्याचीच मला शंका आली. जे सगळ्यांना इतकं सोयीचं आहे, ते देवाचंच कशावरून?

तेव्हा संडे स्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट आठवली. सैतान येशूला मंदिराच्या कळसावर नेतो आणि म्हणतो, घे उडी, देवदूत झेलतील. शास्त्रातलंच वचन पुढे करतो, वावगं एक अक्षर बोलत नाही. तरी येशू उडी मारत नाही. पित्यावर भरवसा नव्हता म्हणून नाही. भरवसा होता, म्हणूनच त्याची परीक्षा बघायची गरज नव्हती. तो खाली कसा आला ते गोष्टीत नाही. मी आपली धरून चालते, पायऱ्यांनी आला असेल. माझ्या पायऱ्या गोळ्यांच्या पाकिटात होत्या.

रविवारी खोली भरलेली होती. बंधूंनी समोर स्टीलचं ताट ठेवलं होतं, गोळ्यांसाठी. मी उभी राहिले.

"प्रभूची स्तुती असो," मी म्हणाले. "मी बरी होते आहे. झाले नाही. गोळ्या चालू आहेत, चालूच राहतील."

खोलीत चुळबुळ झाली. बंधू डोळे उघडून म्हणाले, "ताई, विश्वास कमी पडतोय."

"पडतो ना, भाऊ. पडला की त्याच्याकडेच मागते. गोळी मात्र तुमच्या ताटात ठेवत नाही."

बाबांना काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी मायला विचारलं, त्यांच्या मते हळूच, "काय म्हनते ती?"

माय त्यांच्याकडे सरकली. मग त्यांच्या कानाशी ओरडली, "होते आहे म्हनते. झाली नाही अजून."

"मंग झाल्यावर उभं करायचं न तिले! आत्ता कायले उभं केलं?"

आधी मागच्या बाया हसल्या, मग सगळेच. मंडळी चालवणारे आमचे म्हातारे पाळकसाहेब उठले, ताट उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "औषधासाठी आणि आजारी बहिणीसाठी प्रार्थना करू." बंधू पुढच्या रविवारी आले नाहीत. खंडव्याचा फोनही येईनासा झाला. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवसापासून गोळीच्या वेळी माय समोर पाणी घेऊन बसायला लागली. मी माझी प्रार्थना म्हणायचे, ती "आमेन" म्हणायची.

तुमच्यापैकी कुणी आत्ता अर्ध्या वाटेवर असेल, ताप उतरला असेल, वजन वाढत असेल, तर सावध राहा. मोह तब्येत बिघडल्यावर येतो असं आपण समजतो. मला तो तब्येत सुधारल्यावर आला, देवाचं नाव घेऊन आला. शंका येतील. देवाबद्दल येतील, डॉक्टरबद्दल येतील. त्या घेऊन देवासमोर बसा. पण "गोळी सोड" म्हणणाऱ्यावरही तेवढीच शंका घ्या.

कोर्स संपला. बेडका पुन्हा तपासला, निगेटिव्ह आला. एक्स-रेत डागाच्या जागी बारीकसा व्रण राहिलाय, तो राहणार म्हणतात. शाळेत पुन्हा शिकवते आहे. घरातले पेले एकाच फळीवर आहेत.

शेवटचा रिपोर्ट आला त्यानंतरच्या रविवारी मी जैनाबादला पुन्हा उभी राहिले. बाबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलले.

मी बरी झाले.