दुसरा पंप

साठ सालाच्या आसपास तापीकाठच्या केळीवाल्यांचं इंजिन पाणी खेचेनासं झालं, की आधी इंजिनाला शिव्या बसत, मग मला बोलावणं येई. दोष बहुधा इंजिनाचा नसेच. डोहाच्या तळाशी पाइपाच्या तोंडात गोटे अडकलेले असत. ते काढायला पाण्यात उतरणारा प्रकाशा गावाच्या आसपास मीच एक वेडा होतो.

माझा सरंजाम साधा. रॉकेलच्या डब्याला समोर काच बसवून तो डोक्यावर घ्यायचा, कमरेला दगड बांधायचे, आणि टायरला हवा भरायच्या पंपाने काठावरून रबरी नळीतून हवा सोडायची. पण नळ्या दोन आणि पंपही दोन, हा माझा हट्ट. एक चालू, दुसरा तयार. लोक चिडवायचे, “तुले दोन नाकं शेतस का?” नाक एकच आहे, म्हणून तर नळ्या दोन. पहिल्या पंपावर शेतकऱ्याची माणसं असत, दुसऱ्यावर माझी बायको. पहिला थांबला की कुणाला न विचारता तिने सुरू करायचं, एवढंच ठरलेलं.

एकदा दोन पुरुषभर खोल पाण्यात माझा हात पाइपाखाली अडकला, आणि नेमकी तेव्हाच काठावरून प्रेतयात्रा आली. आमच्याकडे प्रेत समोरून गेलं की हातातलं काम टाकून उठायचं, हात जोडायचे. पहिल्या पंपावरच्या दोघांनी तेच केलं. भली माणसं! खाली माझी नळी गप्प झाली. डब्यात कोंदटलं, पाणी हनुवटीशी आलं, आता संपलं असं वाटलं. मग दुसरी नळी फुसफुसली. हात सोडवून वर आलो तर बायको प्रेताकडे पाठ करून पंप मारत होती, आणि लोक तिला बोल लावत होते.

ती म्हणाली, “मरेलले हात जोडाले सारं गाव शे. यास्ले हवा देवाले मी एकलीच शे.”

गावाने ते मनात धरलं. पापड लाटायला तिला कुणी बोलवेना. संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघंच. मला त्याचं फारसं वाटलं नाही, दोघं होतो ना. पुढे काविळीने ती गेली आणि तो ओटा मला खायला उठला.

त्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याने नवी नळी आणली, दुसऱ्या पंपावर आपला सख्खा भाऊ बसवला, काही झालं तरी दांडा सोडायचा नाही अशी त्याला शपथ घातली. मी उतरलो. हवा झकास येत होती. गोटा हाताला लागला, पण पुढे काही करवेना. वर आपलं कुणी नाही, हा एकच विचार. कमरेचे दगड सोडले आणि वर आलो.

“काय बिघडनं?” शेतकऱ्याने विचारलं.

“काहीच नही,” मी डब्यातूनच म्हणालो. डबा काढला असता तर तोंड दिसलं असतं, म्हणून तो तसाच ठेवून रडलो. पंपावरची माणसं बिचारी हवा मारतच होती.