गळा राखणारे कुंडलिकभाऊ

शहापूरहून मुरबाडकडे जाताना लागणाऱ्या त्या गावात दरवर्षी देवीच्या उत्सवाला नाटक होतं. नाटक जवळ आलं की कुंडलिकभाऊंच्या गोठ्यात गुरांपेक्षा नटांची वर्दळ वाढते. भाऊ भातशेती करणारा माणूस, पण गावातला एकूणएक नट त्यांच्या हाताखालून गेलेला. गंमत अशी की आवाज शिकवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज पार बसलेला. जवळ बसलं तरच त्यांचं बोलणं कळतं.

तरुणपणी ते राजाचं काम करायचे. एका वर्षी सर्दीनं बेजार असताना दिवसभर म्हसा गावच्या जत्रेत ओरडून बैलांचा सौदा केला आणि गावात येऊन तसेच रंगमंचावर चढले. टाळ्या भरपूर पडल्या. सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. पुढं औषधपाणी खूप झालं, पण तो आवाज काही परत आला नाही.

दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून त्यांनी ही शिकवणी मांडली. आधी कोमट पाण्याच्या गुळण्या. मग हातात चुलीची फुंकणी. राख न उडवता निखारा फुलता ठेवायचा, म्हणजे श्वास पोटातून सावकाश सुटतो. त्यानंतर तोंड मिटून, छातीवर तळवा ठेवून, हाताला थरथर लागेपर्यंत गुणगुणायचं. शेवटी म्हशीसमोर उभं राहून संवाद म्हणायचे. ती निवांत रवंथ करत राहिली तर उत्तम. तिनं कान टवकारले तर गडी उगाच ओरडला असं समजायचं. या परीक्षेत भल्याभल्यांची दांडी उडाली आहे.

बायकांच्या कामांसाठी गाव आजवर कल्याणहून नटी आणायचं. यंदा आईचं काम भाऊंच्या सुनेला, शीतलला मिळालं. भाऊंना कोण आनंद झाला, पण काळजीही लागली. कारण तालीममास्तर होता भगीरथ. मुलगा घर सोडून जातो त्या प्रवेशात आईनं किंचाळलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट होता.

"वयनी, घसा फुटला तरी चालंल, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पायजे."

"वर माइक टांगलाय ना रे?" भाऊ म्हणाले.

"माइकनं जोर येत नाय, भाऊ. तुमी शेतीचं बघा."

शीतलची पंचाईत झाली. मास्तरला दुखवलं तर काम हातचं जाणार. घरी आल्यावर भाऊंनी तिला समोर बसवलं. "माझा आवाज ऐकतंस ना? ह्यो असा जन्मभर पायजे का गो तुला?"

शीतल उठली. फुंकणी घेऊन चुलीपाशी गेली.

नाटकाच्या दिवशी भाऊ सगळ्यांत मागे, बायकांच्या घोळक्यापाशी उभे राहिले. तो प्रवेश आला. शीतल किंचाळली नाही. पोटातून, सावकाश, मुलाला एवढंच म्हणाली, "दोन घास खाऊन जा." मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि विंगेत भगीरथ तोंडाचा आ करून बघत राहिला. पडदा पडल्यावर लोक भाऊंची पाठ थोपटू लागले. भाऊंचं लक्ष मात्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे. टाळ्या त्यांनाही पडल्या होत्या.

सकाळी ते ओटीवर चहा घेऊन बसले. चहा निवून गेला तरी कप तोंडाला लागला नाही. सगळं लक्ष आतल्या खोलीकडे. तिथं बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग शीतलनं नवऱ्याला हाक मारली.

"अवो, उठा आता. आसनगावला लोकल चुकली तर माझ्या नावानं बोंबलायचं नाय."

आवाज असा खणखणीत की पलीकडच्या आळीतला एखादा झोपलेला उठावा.

भाऊंचे डोळे भरून आले. त्यांची बायको वत्सला घाबरून जवळ आली. "काय झालं वो?"

"काय नाय गो," भाऊ म्हणाले. "माझा आवाज गेला, त्याचं आज पयल्यांदा वाईट वाटत नाय."