आनंदीबाईंचा एकटीचा फोटो

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आनंदीबाई देवतळ्यांचं नाव ठेवताना घरच्यांनी जरा घाईच केली. बाई वाईट नाहीत. हाताला चव आहे, शेजारी कुणाचं दुखलंखुपलं तर हातातलं काम टाकून धावतील. पण विश्वास ही चीज त्या कुणावर सहजासहजी टाकत नाहीत. भाजीवाल्याच्या काट्याखाली बोट घालून बघतात. डॉक्टरने दिलेली गोळी औषधवाल्याला दाखवतात आणि औषधवाला काय म्हणाला ते परत येऊन डॉक्टरला ऐकवतात. लग्न होऊन अमरावतीहून रायपुरात आल्या तेव्हा सासऱ्यांनी हौसेने बुढा तलाव दाखवला, तर यांनी चाटवाल्याला गाठून हाच तो तलाव ना, अशी खात्री करून घेतली होती म्हणे.

त्यांचे यजमान भास्करराव रेल्वेच्या मालगोदामात होते. तिथून ते सुखरूप निवृत्त झाले. संसारातून निवृत्ती नसते, म्हणून इथे अजून हजेरी लावतात.

गेल्या थंडीत आनंदीबाईंच्या गळ्याशी गाठ आली. तेलीबांध्याच्या एका दवाखान्यात सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट आणायला भास्करराव एकटेच गेले, कारण बाईंचा गुडघा धरला होता. परत आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "काई नाई, साधी गाठ हाये," आणि थेट मोरीत गेले. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत त्यांनी एक जुना कॅमेरा विकत आणला.

आता बघा, ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःच्या लग्नाचा अल्बम आपणहून उघडला नाही, त्याला साठी उलटल्यावर कॅमेऱ्याचा पुळका यावा? आनंदीबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"हे काहून आनलं?"

"रिकाम्या मानसाले काई छंद पायजे."

छंद म्हणावा तर तोही धड नाही. सकाळी तलावावर जायचं, दोनचार फोटो काढायचे, आणि मग दिवसभर मुलाने, अभिनवने, दिलेल्या जुन्या लॅपटॉपपुढे मान वाकडी करून बसायचं. फोटो सुधारायचं काहीतरी त्यात घालून घेतलं होतं. मोबाइलवर कुणीतरी 'नमस्कार दोस्तों' म्हणून शिकवायचा, भास्करराव त्याला थांबवायचे, माउस हलवायचे, पुन्हा चालू करायचे. सुरुवातीला त्यांनी तलावाचं पाणी इतकं हिरवं केलं की खसचं सरबत वाटावं. मग एके दिवशी त्यांनी बायकोला मोठ्या उत्साहाने बोलावलं. फोटोत तलावावरून जाणाऱ्या विजेच्या तारा, एक खांब आणि तारेवर बसलेला पाणकावळा होता. भास्कररावांनी माउस फिरवला आणि तारा गेल्या. खांब गेला. मागे सरळ आभाळ, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

आनंदीबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "त्या पानकावळ्याचं मुंडकं कुठी गेलं?"

भास्कररावांनी मुंडकं परत आणलं. पण आनंदीबाईंचं लक्ष पाणकावळ्यावर नव्हतं. ज्या माणसाला खांब पुसता येतो, त्याला कागदावरचा एखादा शब्द पुसायला कितीसा वेळ लागणार? रिपोर्टही त्यांनी कागदावर पाहिला नव्हता, मोबाइलवरचा फोटोच पाहिला होता. यांनीच दाखवला होता.

त्यांनी मुलाला फोन लावला. अभिनवला मराठी समजतं, पण आईशी तो हिंदीतच बोलतो. "मम्मी, पापा का टाइमपास है. आप हर चीज पे शक मत करो." झालं! आनंदीबाईंनी फोन ठेवला तो पोट्टाही बापाला सामील आहे हे मनात पक्कं करूनच.

त्यानंतर त्या डोळ्यात तेल घालून बसल्या. त्या खोलीत आल्या की लॅपटॉप मिटायचा. "काय करून राहिले?" विचारलं की "काई नाई, शिकून राहिलो." चहा नेऊन दिला तरी झाकण अर्धं खाली. नवऱ्याचं बाहेर काही असेल हा संशय त्यांनी स्वतःच बाद केला. या माणसाला साधा स्वतःचा रुमाल सापडत नाही.

मग एका दुपारी दारावर कुरिअरवाला आला, भास्करराव सही करायला गेले, आणि झाकण मिटायचं राहून गेलं.

पडद्यावर आनंदीबाई होत्या. एकट्या. गळ्यापासून वर. मागे सपाट फिकट निळा रंग.

तो निळा रंग त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. बैठकीच्या भिंतीवर सासूबाई, शांताबाई, त्याच निळ्या रंगावर चंदनाचा हार घालून बसल्या आहेत. त्या गेल्या तेव्हा त्यांचा एकटीचा फोटो घरात सापडला नव्हता. स्टुडिओवाल्याने कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपफोटोतून त्यांना कापून काढलं, मागे निळं केलं, आणि घाईत त्यांच्या खांद्यावरचा कुणाचा तरी बांगड्या घातलेला हात तसाच राहिला. हात आनंदीबाईंचाच. दर पितृपक्षात फोटो पुसताना त्या स्वतःचीच बोटं पुसत आल्या आहेत. निळ्या रंगावर माणूस कधी बसतो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. रडू आलं नाही. राग आला. मरायचं आपल्याला, आणि आपल्यालाच सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंदिरात जाते म्हणून त्या गुडघा ओढत ऑटोत बसल्या आणि तेलीबांध्याला दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, मोबाइलमधलं नको, तुमच्या मशीनमधलं दाखवा. त्यांनी दाखवलं. "आंटी, बिलकुल साफ है. अंकल भी तीन-चार बार पूछकर गए." आनंदीबाईंनी शिक्क्याची नवी प्रत मागून घेतली, आणि बाहेर येऊन ती औषधवाल्याकडून वाचवून घेतली. साफच होती.

परतीच्या ऑटोत त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या ड्रायव्हरशी भाड्यावरूनसुद्धा भांडल्या नाहीत. पण घराच्या वळणावर पुन्हा पाल चुकचुकलीच. मरायचं नाही, तर फोटो कशाला? घाई कुणाला झाली आहे?

घरात शिरल्या त्या सरळ लॅपटॉपपुढे. प्रत टेबलावर आपटली. "मी मरून नाई राहिली. आता तो निळा फोटो काहून केला ते सांगा."

भास्कररावांचा चेहरा पडला. लपवायला गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"तुह्या गळ्यात सुई घातली ना, त्या दिवशी घरी येऊन तुहा फोटो शोधला," ते म्हणाले. "मले भेव वाटलं होतं. सगळे अल्बम काढले. एकटीचा एक नाई सापडला. हे पाय."

त्यांनी पडद्यावर कडेला असलेल्या बारीकशा डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली. निळा रंग गेला आणि मागून अभिनवच्या लग्नाचा मांडव वर आला. त्यात आनंदीबाई पेढ्यांचा ट्रे घेऊन व्याह्यांच्या मागे. दुसरा फोटो उघडला: बारशाचा, त्यात त्या खांबाआड अर्ध्या. तिसऱ्यात पंगतीत वाकून वाढताना. चौथ्यात डोळे मिटलेले. एका फोटोत तर फक्त पदर होता. भास्कररावांनी प्रत्येकातून त्यांना सोडवून घ्यायचा प्रयत्न केला होता. एकीकडे कान कापला गेला होता, एकीकडे केसांना करवतीचे दाते आले होते. एका ठिकाणी सुरकुत्या पुसता पुसता अशी कुणी नवी नवरी झाली होती की आनंदीबाईंना तिचाही क्षणभर संशय आला.

"आईच्या खांद्यावर तो हात राहून गेला," भास्करराव म्हणाले. "लोकं अजून इचारते, हात कोनाचा. तुह्या वेळेस तसं होऊ नये वाटलं. रिपोर्ट चांगला आला, पन भेव काई गेलं नाई."

"मंग मले म्हनायचं होतं, बस म्हनून."

"तू बसली असती?"

फोटो काहून पायजे, कोनाले पाठवून राहिले, इतकं सगळं आनंदीबाईंनी विचारलं असतं आणि बसल्या नसत्या. नवऱ्याने महिनोन्महिने डोळे फोडून त्यांना ट्रेमागून, खांबामागून बाहेर काढायची खटपट केली, आणि त्या त्याच्यावर पाळत ठेवत बसल्या. त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं हे सांगायची त्यांना सवय नाही.

त्यांनी अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांपुढे खुर्ची ओढली. "आना तुमचा कॅमेरा."

भास्कररावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. "नीट बस. तोंड मीट."

"नाई मिटत," आनंदीबाई म्हणाल्या, आणि तोंडभर हसल्या, असं की बाजूचा पडलेला दात, त्याची खिंड, सगळं दिसावं. "आता याले हार घालून दाखवा. असल्या फोटोले कोनी हार घालत नाई."

फोटो लॅपटॉपवर आला. मागे भास्कररावांचा बनियन वाळत होता. सवयीने त्यांचा माउस दाताच्या खिंडीकडे सरकला. आनंदीबाईंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात नाई लावायचा. हाये तसंच ठेवा."

"हव," भास्करराव म्हणाले. त्यांनी फोटो सेव्ह केला आणि बंद केला.

आनंदीबाईंचा हात खांद्यावरून हलला नाही. "पुन्हा उघडून दाखवा."

त्यांनी उघडला. बनियन जागच्या जागी होता, पडलेला दात पडलेलाच होता. तेव्हा कुठे आनंदीबाईंचा विश्वास बसला.