जाळीच्या वायरमधलं मऊ पडलेलं प्लास्टिक

मित्रांनो, आज मी मनाविरुद्ध एक अ‍ॅम्प्लिफायर देऊन बसलो.

गफूरचाचा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. त्यांच्यासाठी मी बनवलेला, जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर सारखा गुणगुणत होता. परळीत मिळाली ती बारीक माईक वायर, आतल्या तारेवर प्लास्टिक आणि त्यावर तांब्याची जाळी असलेली, सकाळी आत टाकली आणि गुणगुण थांबली. पण जाळी सोल्डर करताना आतलं प्लास्टिक मऊ पडलेलं मला दिसलं.

"चाचा, व्हॉल्व्ह तापले की आतली तार जाळीला टेकेल. आवाजच जाईल. साधी वायर टाकतो, थोडं गुणगुणेल."

"लई भितोस बे तू! ऑर्केस्ट्राचा मालक म्हणतो, कीबोर्डमधीच गिटार वाजती, तुमी कशाला? आज गुणगुणलं तर मी घरी बसलोच समज."

दुसरी जाळीची वायर आणायला वेळ नव्हता. मी अ‍ॅम्प्लिफायर तसाच दिला. ते तो घेऊन धर्मापुरीला लग्नात वाजवायला गेले. कार्यक्रम आता सुरू झाला असेल.

सोल्डरच्या उष्णतेत टिकेल अशी जाळीची वायर तुम्ही कोणती वापरता? आज उपयोग नाही, तरी सांगा. आणि माझ्या जागी तुम्ही दिला असता का?

चाचांचा फोन आलेला नाही. हट्ट त्यांचाच होता; आवाज गेला असेल तर ते मला फोन करणारच नाहीत.