फरजानाचं खोटं शेत

या, अशा जवळ सरकून बसा. आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. तो फोन खाली ठेवा पाहू. जरा रेंज गेली की हात वर करून गच्चीभर फिरता, फोनला शिव्या देता, कंपनीला शिव्या देता. तो सिग्नल बिचारा झाडाला, पत्र्याला, माणसाला ठेचकाळत तुमच्यापर्यंत येतो, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. मला सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर वाचून नि लोकांना विचारून झालेलं. पण सिग्नल का विरतो हे मी आज नीट सांगू शकते, कारण एक हंगामभर आमच्या कपाशीत फरजाना होती.

पहिल्यांदा आली ती आमच्या धाड गावच्या स्टँडवर एसटीतून उतरून, विचारत विचारत थेट शेतावर. पाठीला दप्तर, डोक्यावर ओढणी, घामाने चिंब. मी तांब्या पुढे केला नि म्हणाले, "बस माय, लई ऊन आहे."

तर तांब्या हातात धरूनच विचारते कशी, "लई म्हंजे किती?"

मला वाटलं, पोरगी उद्धट दिसते. पण तिने दप्तरातून बोटाएवढं यंत्र काढलं, सावलीत धरलं, उन्हात धरलं, वहीत आकडा लिहिला आणि मग पाणी प्यायली. ती तिची सवयच होती. भाजी लई तिखट झाली म्हणावं, तर किती? कौसाबाईचा गुडघा लई दुखतो, तर किती, कालच्यापेक्षा जास्त की कमी? कौसाबाई म्हणजे आमच्या वेचणाऱ्या बायांची म्होरकी, अंगाने चांगली भरलेली. ती एकदा वैतागून म्हणाली, "इतका!" आणि फरजानाच्या दंडाला असा चिमटा काढला की पोरगी उडालीच. उडाली, हसली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आजवर सांगितलं नाही.

फरजाना मलकापूरची. वडील पिंजारी, गाद्या-रजया भरून देणारे. "अब्बा कापूस पिंजतात, मी कापसातला सिग्नल पिंजून राह्यली," असं ती हसत सांगायची. जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजात शिकवायची आणि सोबत तिचं डॉक्टरकीचं पुस्तक चाललेलं. दवाखान्याची डॉक्टरकी नव्हे, अभ्यासाची, पीएचडी म्हणतात ती.

आता ती आमच्याकडेच का आली ते ऐका. बीटी बियाणं आलं तेव्हा आम्हाला वाटलं, अळीची कटकट संपली. पहिली काही वर्षं संपलीही. मग गुलाबी अळी आली. ती बाहेरून दिसत नाही, बोंड फोडावं तर आत बसलेली. आमच्याकडे एका हंगामात निम्मं शेत तसंच उपटून टाकावं लागलं. तर फरजानाने अळीच्या पतंगांचे सापळे लावले आणि प्रत्येकाशेजारी खांबावर एक डबी बसवली. किती पतंग पडले ते डबीने मोजायचं आणि बिनतारी निरोप विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत धाडायचा. पतंग वाढले की फवारणीची वेळ आली, हे आम्हाला आधीच कळणार. बेत झकास होता. आषाढात निरोप पटापट यायचे. पण कपाशी छातीला लागली, बाया वेचणीला शेतात शिरल्या, आणि अर्धे निरोप वाटेतच गायब.

"गायब नाही मावशी, वाटेत भांडले," फरजाना म्हणायची. तिचं म्हणणं, निरोप एकाच वाटेने येत नाही. एक सरळ येतो, एक पत्र्यावर आपटून, एक जमिनीवरून, एक पानांतून. मला काही उमगेना. शेवटी मी विचारलं, "म्हणजे जात्यावर दोघी बसतात तसं काय? दोघींचा हात एका तालात असला तर जातं हलकं फिरतं, आणि एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, तर जातं जागीच अडतं?"

ती वही खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, मले हे कळाले दोन वर्षं लागली."

डब्या किती नि कुठे लावायच्या हे दर वेळी खांब उपटून कोण बघणार? म्हणून तिने लॅपटॉपमध्ये एक शेत बनवलं होतं. त्याला ती सिम्युलेशन म्हणायची, आम्ही बाया खोटं शेत म्हणायचो. त्यात ओळी होत्या, झाडं होती, पंपाच्या खोलीचा पत्राही होता. कवड्या फेकून डाव खेळतात ना, तसं ते सॉफ्टवेअर दर क्षणाला नवं दान टाकायचं: ही वाट किती अडली, ती किती उशिरा आली. मग सगळ्या वाटांची बेरीज करून पडद्यावर एक रेघ काढायचं. रेघ वर असली तर निरोप पोचला. खड्ड्यात गेली तर विरला.

कौसाबाईने विचारलं, "आमाले घातलं का वं त्याच्यात?"

"हाव. आठ बाया घातल्या. ह्या पाहा, चालून राह्यल्या."

"मी कोन्ती?"

"हा ठिपका."

"ठिपका!" कौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्या अंगाले ठिपका म्हन्ते! बाकीच्याइतकाच?"

फरजानाने तिथल्या तिथे कौसाबाईचा ठिपका मोठा केला. रेघेचे खड्डे खोल झाले. कौसाबाई आठवडाभर सांगत फिरली की मी मधे आले की फोन बंद पडतात.

इथवर हसणंच हसणं. मग मात्र पोरीचं तोंड उतरायला लागलं. खोट्या शेतातली रेघ नाचायची, आणि खऱ्या शेतात मोजलं की रेघ सपाट. वाऱ्याने पानं हलली तर जरा थरथरायची, तेवढंच. तिच्या मोठ्या सरांनी बजावलं होतं, खरं नि खोटं जुळलं नाही तर मी पुस्तकावर सही करणार नाही. वाढवून घेतलेली मुदतही त्या महिन्यात संपत होती. चार वर्षांचं काम एका सहीवर लटकलेलं.

"मावशी, दिवसभर निरोप हरवतात," ती बांधावर बसून म्हणाली, "आणि मी मोजाले बसली की शेत शहाण्यासारखं वागते. माह्यं खोटं शेतच चुकलं. मिटवून टाकते."

"अवं, पण तुझ्या खोट्या शेतात रेघ काऊन नाचते?"

"बाया चालतात ना. माणूस हललं की वाटा बदलतात."

"पण तू मोजतेस तेव्हा बाया कुठे चालतात? उभ्याच असतात की."

तिने मान वर केली. "उभ्या?"

आता माझी करणी सांगते. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून ही पोरगी लॅपटॉपसकट ओढणीत शिरायची, जुन्या फोटोवाल्यासारखी. दहा-दहा मिनिटं आत. आणि आमच्याकडे रीत अशी की संध्याकाळी वेचलेला कापूस काट्यावर चढला की कोणी हलत नाही, बोलत नाही. काटा चालू असताना धक्का लागला तर वजन खोटं पडतं. तर मीच पहिल्या दिवशी बायांना दम दिला होता, "मॅडम मोजून राह्यली. ओढणीत शिरली की जागची हालायचं नाही." आठही जणी हात बोंडावर तसाच ठेवून, शिंक आली तरी दाबून, उभ्या राहायच्या. ती बाहेर आली की पुन्हा वेचायला लागायच्या. तिने त्यांना कायम वेचतानाच पाहिलं!

मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता रडते की काय.  तर ती जी हसत सुटली, ती बांधावरून घसरून खाली बसली. "मावशी, तुमच्या आदबीनं माह्यी डॉक्टरकी बुडवली होती!"

पण आता करायचं काय? शेवटचा वेचा होऊन गेलेला, शेत रिकामं, बाया दुसऱ्यांच्या शेतात. चूक माझी, तेव्हा मीच घरोघर फिरले. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, तेव्हा आठही जणी आल्या. कौसाबाई म्हणाली, "कापूस न्हाई, तं वेचाचं काय?"

"काही नाही. खोटं खोटं वेचायचं. तिचं खोटं शेत, आपली खोटी वेचणी."

फरजानाने आधी लॅपटॉपात झाडांची पानं कमी केली, समोर उरली होती तेवढीच ठेवली. मग ओढणीत शिरली. बाया चालू लागल्या. रिकामे हात चालवायला आधी लाजल्या, पण बाईच्या हाताला रिकामं राहवतं का? राहिलेली कवडी, म्हणजे अर्धवट उमललेली, बोंडं वेचून ओटीत टाकू लागल्या. गाणंही लागलं. कौसाबाई तर मुद्दाम डबीसमोरून तीनदा गेली. तेवढ्यात ओढणीतून आवाज आला, "कौसाबाई, परत जा! परत तिथूनच जा!"

"काऊन वं?"

"रेघ नाचून राह्यली!"

तिने दोन्ही रेघा शेजारी लावून दाखवल्या. जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा. कौसाबाईने पदराने पडदा पुसून पाहिलं, म्हणाली, "हा खड्डा माह्या." आणि सगळ्यांत खोल खड्डा खरंच तिचा होता.

सही झाली. पुढच्या हंगामाआधी तिने खोट्या शेतात बघून एक खांब पत्र्यापासून दोन हात सरकवला, दुसरा उंच केला, आणि भर वेचणीतही निरोप यायला लागले. त्या वर्षी अळीची चाहूल गावात सगळ्यांत आधी मला लागली. तिने जाडजूड पुस्तक आणून दाखवलं. सगळं इंग्रजी, पण पहिल्याच पानावर आठ बायांची नावं देवनागरीत. कौसाबाईचं सगळ्यांत वर. त्या पानावर कौसाबाईने हळदीचं बोट लावलं. फरजानाने ते पुसलं नाही.

मग तिला लांब दक्षिणेत नोकरी लागली. जाताना एसटीत चढली, मी म्हणाले, "लई आठवण येईल गं." खिडकीतून तिने हात हलवला. पण या एका वेळी तिने किती ते विचारलं नाही.

तेव्हापासून मला मात्र तिची सवय लागली आहे. डॉक्टरला विचारते, सुनेला विचारते. फोनवर फरजाना म्हणते, "येते मावशी लवकर." मी विचारते, "लवकर म्हंजे किती?" पलीकडे शांत. पोरगी हिशेब करत असावी, नाहीतर सिग्नल विरला असावा.

तर फरजाना, हे तुझ्या कानावर येईलच, म्हणून मीच आकडा सांगते. दिवाळी झाली की आठव्या दिवशी पहिला वेचा आहे. तुझी डबी जागेवर आहे, कौसाबाई होती त्याहून मोठा ठिपका झाली आहे. ओढणी घेऊन ये. आणि इथे बसून ऐकणाऱ्यांनो, तुम्हीही या तिच्यासोबत. फक्त ती ओढणीत शिरली की एक लक्षात ठेवा, उभं राहायचं नाही. चालत राहायचं.